परसबागेतील सायकस : लागवड, निगा व शंकूंचे निरीक्षण

परसबागेत लावलेल्या सायकसच्या माथ्यावर एखाद्या वर्षी पानांऐवजी पिवळसर तपकिरी रंगाचा, लोकरीसारखा मऊ गोळा वर येऊ लागतो. ज्या झाडाने दहा-बारा वर्षे पानांखेरीज दुसरे काहीच दाखविले नाही, त्याचे हे नवे रूप पाहून घरधनी गोंधळतो. झाडाचा गाभा कुजला किंवा त्यास बुरशी लागली अशी त्याची समजूत होते, आणि विळा घेऊन तो गोळा मुळापासून कापून टाकला जातो. वास्तविक हा रोग नव्हे. झाड वयात आल्याची ती खूण होय. ज्या क्षणाची इतकी वर्षे वाट पाहावयाची, तोच क्षण अज्ञानाने हातचा जातो; शिवाय खोल कापामुळे माथ्यावरील कोंब दुखावून झाड दगावण्याचाही संभव असतो.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. सायकसचे नारिंगी-तांबडे बी दिसावयास मोहक असते. ते मुलांच्या हाती लागते, कुत्री ते चघळतात, आणि तोडलेली पाने गोठ्याजवळ टाकली जातात. सायकसचे सर्व भाग विषारी आहेत. म्हणून ज्याच्या अंगणात हे झाड आहे किंवा जो ते लावू इच्छितो, त्याने त्याचा स्वभाव नीट समजून घेणे आवश्यक आहे. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनीही ही माहिती घरोघर पोहोचवावी.

सायकस म्हणजे काय?

पाने ताड-माडासारखी दिसत असली तरी सायकस ताडाच्या कुळातील नाही. ही प्रकटबीज वनस्पती होय. म्हणजे हिचे बी फळाच्या आत झाकलेले नसून उघडे असते. हिला फुले येत नाहीत, शंकू येतात. कोवळ्या पर्णिका नेच्याप्रमाणे आत गुंडाळलेल्या असतात व त्या हळूहळू उलगडतात. या गटातील वनस्पती पृथ्वीवर फुलझाडांच्याही आधीपासून आहेत.

आपल्याकडे बागांतून मुख्यतः दोन जाती आढळतात. पहिली जपानी सायकस. हिचे मूळ स्थान दक्षिण जपानची बेटे व लगतचा चीनचा किनारा हे होय. हिचे खोड ठेंगणे व जाड, पाने गर्द हिरवी, ताठ आणि टोकाशी टोचणारी असतात. पर्णिकांच्या कडा खाली वळलेल्या असतात. रोपवाटिकांतून हीच जात अधिक मिळते. दुसरी जात पश्चिम घाटातील देशी सायकस. केरळ, कर्नाटक, तामिळनाडू व महाराष्ट्राचा दक्षिण भाग येथील रानांत ती आढळते. तिची पाने लांब, मऊ व खाली झुकणारी असून पर्णिका सपाट असतात. खोडही उंच वाढते. मलबारातील वनस्पतींवर सतराव्या शतकात डच अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथात हिचे वर्णन आलेले आहे. आज ही जात रानात दुर्मीळ होत चालली आहे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. या झाडास रोपवाटिकांत ‘सागो पाम’ म्हणतात. त्यामुळे उपवासाचा साबुदाणा याच झाडापासून होतो असे कित्येकांस वाटते. तसे नाही. आपल्याकडील साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात व त्याचे मोठे केंद्र तामिळनाडूतील सेलम हे आहे. सायकसच्या खोडात पिष्ट असते हे खरे. पण त्यात विषही असते. केरळच्या काही भागांत सायकसच्या बियांचे पीठ परंपरेने खातात. मात्र ते पुष्कळ दिवसांच्या प्रक्रियेनंतर व पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने. जपानच्या ओकिनावा बेटांवर 1920 नंतरच्या मंदीच्या वर्षांत लोकांना सायकस खाऊन दिवस काढावे लागले आणि नीट प्रक्रिया न झाल्याने काही जण मरण पावले. त्या काळास तेथे ‘सायकसचा नरक’ असे नाव पडले. तेव्हा हा प्रयोग कोणीही घरी करू नये.

जागा व जमीन

सायकसला पाण्याचा निचरा सर्वांत महत्त्वाचा. उन्हाचा ताण, पाण्याची टंचाई व हलकी जमीन हे झाड सोसते. साचलेले पाणी सोसत नाही. काळ्या भारी जमिनीत खड्डा खणून सरळ झाड लावल्यास पहिल्याच पावसाळ्यात बुंधा कुजण्याची भीती असते. अशा ठिकाणी जमिनीवर एक ते दीड फूट उंचीचा ओटा करून त्यावर लागवड करावी. तांबड्या व मुरमाड जमिनीत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा पुरेसा होतो. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा कंपोस्ट या मिश्रणाने तो भरावा. खोडाचा तळ जमिनीच्या पातळीस ठेवावा, मातीत गाडू नये.

जपानी सायकसला सकाळचे ऊन व दुपारनंतर विरळ सावली मानवते. सवय झाल्यावर पूर्ण उन्हातही ते चांगले राहते. देशी सायकसला थोडी सावली अधिक आवडते. झाड पाऊलवाटेपासून, गोठ्यापासून व मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावे. पानांची टोके डोळ्याला इजा करतात, हेही जागा निवडताना ध्यानात घ्यावे.

पाणी व खत

उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्यावे व मधल्या काळात माती वरून सुकू द्यावी. हिवाळ्यात पाणी कमी करावे. पाणी बुंध्याभोवती द्यावे, माथ्यावर ओतू नये. गाभ्यात पाणी साचून राहिल्यास कोंब सडतो. पावसाळ्याच्या आरंभी मोठ्या झाडास दोन घमेली कुजलेले शेणखत पुरते.

झाड कुंडीतून काढताना जमिनीलगत पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या, गाठाळ मुळांचे झुबके दिसतात. सूत्रकृमीचा रोग समजून ती मुळे तोडू नयेत. त्यांत निळे-हिरवे सूक्ष्म शैवाल राहते आणि ते हवेतील नत्र झाडास उपलब्ध करून देते. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींत सूक्ष्म जिवाणू जे काम करतात, तेच येथे शैवाल करते. हलक्या जमिनीतही सायकस तग धरतो याचे हे एक कारण आहे.

चुनखडीयुक्त जमिनीत एक निराळी अडचण येते. नवी पालवी पिवळी, आखूड व चुरगळल्यासारखी निघते. हे मँगेनीजच्या कमतरतेचे लक्षण होय. मँगेनीज जमिनीत असते, परंतु चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. अशा वेळी लहान झाडास 25 ते 30 ग्रॅम मँगेनीज सल्फेट पाण्यात विरघळवून बुंध्याभोवती द्यावे. बिघडलेली पाने सुधारत नाहीत. गुण पुढील पालवीतच दिसतो. म्हणून उतावीळपणे पुन्हा पुन्हा मात्रा देऊ नये.

कीड

सायकसला वर्षातून बहुधा एकदा, क्वचित अधिक वेळा, सगळी पालवी एकदम फुटते. ही पालवी नष्ट झाली तर वर्षाची शोभा गेली असे समजावे. या कोवळ्या पालवीवर लहान निळसर रंगाचे एक फुलपाखरू अंडी घालते. अंड्यांतून निघालेल्या बारीक अळ्या कोवळ्या पर्णिका खरवडून खातात व पालवीचे केवळ शिरांचे सांगाडे उरतात. अळ्या पानाच्याच रंगाच्या असल्याने सहसा दिसत नाहीत. मात्र त्यांच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या जमतात. कोवळ्या पालवीवर मुंग्यांची ये-जा दिसली की अळी आहे असे समजावे.

यावर सोपा उपाय असा. कोंब वर येताच मच्छरदाणीचे जुने कापड झाडावर सैल घालावे व पाने कडक होईपर्यंत ठेवावे. पाने एकदा निबर झाली की अळ्यांना ती खाता येत नाहीत. कापड नसल्यास सकाळ-संध्याकाळ पाहणी करून अळ्या वेचाव्यात, अथवा दर लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे.

पानांच्या खालच्या बाजूस पांढरट खवल्यांचा थर दिसल्यास ती खवले कीड होय. हिची एक आशियाई जात अतिशय घातक आहे. पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर ती 2003 मध्ये आढळली व पुढील काही वर्षांत तेथील रानातील सायकसची फार मोठी हानी झाली. कीड थोडी असतानाच ओल्या फडक्याने पाने पुसावीत, जास्त किडलेली पाने कापून जाळावीत व निंबोळी तेलाची फवारणी दहा-बारा दिवसांच्या अंतराने पुन्हा करावी. नवे रोप विकत आणताना पाने उलटी करून पाहण्याची सवय ठेवावी.

नर कोणता, मादी कोणती?

सायकसमध्ये नर व मादी झाडे निरनिराळी असतात. पपईप्रमाणेच येथेही रोपावरून किंवा पानांवरून लिंग ओळखता येत नाही. शंकू येईपर्यंत थांबावे लागते. बियांपासून वाढविलेल्या जपानी सायकसला शंकू येण्यास साधारणतः 10 ते 15 वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून ‘हे खात्रीचे मादी रोप आहे’ असे सांगून कोणी बियांचे लहान रोप अधिक किमतीस विकीत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

बुंध्याजवळ फुटणाऱ्या पिल्लांचे मात्र तसे नाही. पिल्लू हे मूळ झाडाचाच भाग असल्याने त्याचे लिंग मूळ झाडाचेच असते. याचे एक विलक्षण उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. तेथील नगोये नावाच्या रानात 1895 मध्ये सायकसच्या गटातील एका जातीचे एकच झाड सापडले. ते नर होते. त्यानंतर पुष्कळ शोध घेऊनही रानात मादी आढळली नाही. आज जगातील वनस्पति-उद्यानांत त्या जातीची जी झाडे आहेत, ती सर्व त्या एका झाडाच्या पिल्लांपासून झालेली, आणि म्हणून सर्वच नर आहेत. झाड जिवंत आहे, पण त्या जातीचे शुद्ध बी कोठेच नाही.

शंकूंचे निरीक्षण

शंकू बहुधा उन्हाळ्यात येऊ लागतात. नर झाडाच्या माथ्यावर मधोमध एकच उभा, लांबट शंकू निघतो. आरंभी तो लोकरीने झाकलेला असतो व पुढे एक ते दोन फूट उंच होतो. त्यावरील खवले दाटीने बसलेले असतात. शंकू पक्व झाला की खवले एकमेकांपासून सुटतात व खालच्या बाजूच्या असंख्य पिशव्यांतून पिवळा पराग गळू लागतो. याच दिवसांत शंकूला उग्र वास येतो आणि तो आसपासच्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार होतो. शंकूला हात लावून पाहिल्यास, अथवा खवल्यांत तापमापक धरून हवेच्या तापमानाशी तुलना केल्यास हे कळते. शाळेतील मुलांना दाखविण्यासारखा हा प्रयोग आहे. ही ऊब व वास कीटकांना बोलावण्यासाठी असतात.

मादी झाडात तसा घट्ट शंकू नसतो. माथ्यावर कोबीच्या गड्ड्यासारखा, तपकिरी लोकरीच्या पानांचा मोठा गोल झुबका येतो. ही बी धारण करणारी पाने होत. जपानी सायकसमध्ये त्यांच्या कडा पिसासारख्या कातरलेल्या असतात व देठाच्या दोन्ही बाजूंस बहुधा चार ते सहा बीजांडे असतात. काही दिवसांनी गड्डा सैल होतो व पानांमध्ये फटी पडतात. परागण याच सुमारास व्हावे लागते. पुढे मादी झाडाच्या गाभ्यातून, त्याच झुबक्याच्या मधून नवी पालवी वर येते. नर झाडात मात्र शंकूने मधला कोंब व्यापलेला असल्याने वाढ बाजूच्या नव्या कोंबातून होते. म्हणून नर शंकू पूर्ण वाळून सैल झाल्यावरच हलक्या हाताने काढावा. त्याच्या बाजूला सुरी खुपसू नये. तेथेच पुढचा कोंब लपलेला असतो.

ज्या वर्षी शंकू येतो त्या वर्षी पालवी उशिरा किंवा कमी येते. त्यात काळजीचे कारण नाही. मादी झाडाला दरवर्षी शंकू येईलच असे नसते.

सायकसच्या परागणाने विज्ञानातही इतिहास घडविला आहे. 1896 मध्ये जपानी शास्त्रज्ञ इकेनो यांनी कागोशिमा येथील सायकसच्या बीजांडात पोहणाऱ्या नर पेशी पाहिल्या. बी येणाऱ्या वनस्पतींतही नर पेशी पोहत जाऊन गर्भधारणा करू शकतात, हे त्याच वर्षी हिरासे यांनी गिंको या वृक्षात व इकेनो यांनी सायकसमध्ये सिद्ध केले. त्यापूर्वी हा गुण शेवाळे व नेचे यांसारख्या वनस्पतींचा मानला जाई.

हाताने परागण

गावात पुष्कळदा एकच सायकस असतो. अशा मादी झाडालाही बिया धरतात, वाढतात व रंगतात. पण त्या पोकळ किंवा गर्भहीन असतात. अशा बिया पेरून वर्षभर पाणी घालणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. चांगले बी हवे असल्यास पुढील रीत अवलंबावी.

1. नर शंकूचे खवले सुटू लागताच खाली कागद धरून शंकू हलकेच हलवावा व पराग गोळा करावा.
2. पराग सावलीत एक दिवस सुकवून कागदाच्या पुडीत घालावा आणि पुडी कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावी. मादी गड्डा अजून मिटलेला असल्यास बाटली फ्रिजमध्ये ठेवावी.
3. मादी गड्डा सैल झाल्यावर कोरड्या हवेच्या दिवशी मऊ कुंचल्याने पराग पानांच्या फटींतून आतील बीजांडांपर्यंत पोहोचवावा.
4. एक दिवस आड करून हे काम दोन-तीन वेळा करावे. पाऊस आल्यास ते पुन्हा करावे.

परागणानंतर प्रत्यक्ष गर्भधारणेस काही महिने लागतात. बी हिवाळ्याच्या सुमारास पिकते. हातमोजे घालून बियांवरील गर काढावा, बी धुवावे व पाण्यात टाकून पाहावे. तरंगणारे बी बहुधा पोकळ असते, बुडणारे निवडावे. ते दोन-तीन महिने सावलीत ओलसर वाळूत ठेवावे व नंतर वाळूच्या वाफ्यात आडवे, अर्धे वर राहील असे पेरावे. उगवण सावकाश, काही महिन्यांत होते. गर व टाकाऊ बी खोल पुरावे, उकिरड्यावर टाकू नये.

पिल्लांपासून रोपे

माघ-फाल्गुनात, पालवी फुटण्यापूर्वी, मोठ्या लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी पिल्ले धारदार सुरीने बुंध्यापासून वेगळी करावीत. त्यांची पाने कापून टाकावीत व जखम सावलीत सात-आठ दिवस सुकू द्यावी. नंतर वाळूमिश्रित मातीत अर्धे पिल्लू बसेल असे लावावे. मुळे फुटेपर्यंत माती केवळ ओलसर ठेवावी. अति पाण्याने पिल्लू कुजते. प्रत्येक रोपावर मूळ झाड नर की मादी याची चिठ्ठी बांधावी. पुढे दहा वर्षांनी तिची किंमत कळते.

विषबाधा व दक्षता

विष सर्व भागांत असले तरी बियांत ते विशेष असते. बी खाल्ल्यास उलट्या होतात व पुढे यकृतास इजा होते. कुत्र्याला एखादे-दुसरे बीही घातक ठरते. पाने खाणाऱ्या गुरांचे मागचे पाय लुळे पडतात व ते सहसा बरे होत नाहीत. म्हणून छाटलेली पाने गुरांपुढे टाकू नयेत व पिकलेले बी गळण्यापूर्वीच काढून घ्यावे. कोणी बी खाल्ल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये. माणसास डॉक्टरांकडे व जनावरास पशुवैद्याकडे ताबडतोब न्यावे आणि ओळख पटावी म्हणून बी किंवा पान बरोबर घ्यावे.

रानातील झाडे

वाढलेले झाड लगेच मिळावे या हौसेपायी रानातील जुने सायकस खणून विकले जातात. ज्या झाडाला पुरुषभर उंची गाठण्यास अनेक दशके लागली, ते एका दिवसात उखडले जाते व बहुधा नव्या जागी मरते. रानातून नर किंवा मादी यांपैकी एक नाहीसे झाले की उरलेल्या झाडाचे जगणे निष्फळ होते. आंध्र प्रदेशातील टेकड्यांवरील बेडोमचा सायकस तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. रोप नेहमी रोपवाटिकेत वाढविलेलेच घ्यावे व ते कोठून आले याची चौकशी करावी.

कार्यकर्त्यांसाठी

गावातील सायकसची एक साधी वही ठेवावी. तीत घरधन्याचे नाव, झाडाची जात, अदमासे वय, नर की मादी, शंकू दिसल्याची तारीख, पराग गळल्याची तारीख व पालवीची तारीख नोंदवावी. दोन-तीन वर्षांत कोणत्या गावचा नर कोणत्या गावच्या मादीस उपयोगी पडेल हे त्या वहीवरून सांगता येईल, आणि एका पुडीतील परागाने दोन घरांचा संबंध जुळेल.

अभ्यासासाठी प्रश्न

1. सायकसच्या माथ्यावरील लोकरी गोळा का कापू नये? नर व मादी यांत त्याचे रूप कसे वेगळे असते?
2. काळ्या जमिनीत लागवड करताना कोणती काळजी घ्यावी?
3. कोवळ्या पालवीवर मुंग्या दिसल्यास काय समजावे?
4. मादी झाडाला आलेले सर्व बी उगवत का नाही?
5. आपल्या गावातील किती घरी सायकस आहे? त्या घरांत लहान मुले, कुत्री व गुरे आहेत काय? असल्यास घरधन्यास कोणत्या तीन गोष्टी सांगाल?